पौषातला पेपर

शेवंता आत्ये, माझ्या नावापुढे बी. ए. लागलं ते तुझ्यामुळे. आईवडिलांनी वाढवलं, बारावीपर्यंत पोचवलं, त्यापुढचं सगळं तुझं. हे मी आजवर कुणालाही सांगत आलो आणि पुढेही सांगेन. पण आज आभार मानायला बसलेलो नाही. मला तुझा राग आला आहे. तू गेलीस त्या दिवशी तो पुन्हा वर आला, आणि महिना होत आला तरी उतरलेला नाही.

बाराव्याला पंगत उठल्यावर माणसं सोप्यावर बसली होती. तुझ्या फोटोकडे बघत कुणीतरी पाहुण्यानं विचारलं, शिकलेल्या होत्या काय? विनायक पान लावत होता. तुझा मुलगा तो, त्यानं सांगायला हवं होतं. तो मान वर न करता म्हणाला, "शिकप कसलें? आयेक टीव्हीचो नाद आसलो. सकाळीं उठली की टीव्ही." माणसं हसली. त्यात वाईट काही नव्हतं, बाराव्याला मन हलकं करायला हसतात तेवढंच. मी हातातला पेला खाली ठेवून बाहेर गेलो. आत थांबलो असतो तर तुझ्या बाराव्याला भांडण झालं असतं.

नाद म्हणे. आतोबांना तंबाखूचा होता, विनायकाला गाड्यांचा आहे. तुला नाद होता.

विनायक तेव्हा लहान होता, हे कबूल. सकाळी साडेसहाला तो गोधडीत असायचा. पण कान असतात ना गोधडीत?

मांद्र्याजवळच्या आपल्या घरून मी तुझ्याकडे कारापूरला आलो तो बारावीचा निकाल घेऊन. कॉलेज म्हापशाला, आणि घरी माझ्या पगाराची वाट बघणारी माणसं. तेव्हा कॉलेजचा विषय कुणी काढलाच नाही. आतोबांच्या ओळखीनं खाणीवर टाइमकीपर म्हणून लागलो. ट्रक किती वाजता आत आला, किती वाजता भरून गेला, एवढं लिहायचं. शिक्षण संपलं असं मी धरून चाललो होतो. मला त्याचं फारसं दुःखही नव्हतं, हे तुला माझ्याहून जास्त लागलं.

तू पेडण्याच्या हायस्कुलातून मॅट्रिक झालेली. गोवा मुक्त झाल्यावर आपल्या घरातून शाळेत गेलेलं पहिलं माणूस. निकाल लागला आणि तुझं लग्न लागलं, आणि त्यानंतर तुझ्या हाती पुस्तक आलं ते विनायकाचं बालवाचन.

एका सकाळी तू बातम्यांसाठी टीव्ही लावलास आणि पडद्यावर एक चष्मेवाला गृहस्थ फळ्यासमोर उभा. हिंदीत बोलत होता, मधे मधे इंग्रजीत. मी खाणीवर निघालो होतो. तू म्हणालीस, "हो मास्तर कोणाक शिकयता रे?" समोर एक पोर नाही आणि हा शिकवतोय, याचं तुला नवल वाटलं. तू शेवटपर्यंत उभी राहून बघितलंस. शेवटी पत्ता आला, तो तू भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीनं उतरवून घेतलास. पुढे महिन्याभरानं पोस्टमन जाडजूड पाकीट घेऊन आला. आत दोन अर्ज होते. मला वाटलं, एक चुकून जास्त आला. तू म्हणालीस, दोन मीच मागवले.

मुक्त विद्यापीठ म्हणजे काय ते आपण दोघांनी मिळून समजून घेतलं. पुस्तकं पोस्टानं येणार. स्वाध्याय लिहून पणजीच्या केंद्रावर पाठवायचे. टीव्हीवरचे तास बघायचे आणि वर्षातून एकदा परीक्षा द्यायची. पास झालेल्या प्रत्येक विषयाचे क्रेडिट आपल्या नावावर जमा होणार, पुरेसे झाले की पदवी. एक विषय राहिला म्हणून बाकीचे पुन्हा द्यायचे नाहीत. हे तुला इतकं पटलं की तू मला दोनदा विचारलंस, "एकदा गावले की परत घेणत नाय?" नाही घेत, मी म्हटलं. "मगे बरा."

साडेसहाचा तास. वीज त्या वेळी जाणार हे ठरलेलं. आणि त्यावर उपाय आतोबांनी काढला, तुझ्या नवऱ्यानं, जो स्वतः चौथी शिकलेला होता. छोटा टीव्ही बॅटरीवर चालतो हे त्यांना माहीत होतं. ते ट्रकची बॅटरी काढून सोप्यावर आणायचे आणि वायर जोडून द्यायचे. मग बाहेर बोनेटला टेकून तंबाखू मळत उभे. त्या वेळी बाकीचे ट्रक रस्त्याने धुरळा उडवत खाणीकडे जात असत, कारण पहिला पोचेल तो पहिला भरेल. आतोबांचा ट्रक बॅटरीशिवाय अंगणात. तास संपला की दारातून आवाज यायचा, "तुमचो मास्तर गेलो? म्हाका बॅटरी जाय." बॅटरी पाहिजे, याहून जास्त तक्रार मी त्यांच्या तोंडून ऐकली नाही. ओळीत त्यांचा नंबर रोज शेवटी लागायचा आणि टाइमकीपर म्हणून तो मीच लिहायचो.

तुझी सासू मात्र त्या मास्तराला कंटाळली होती. तो पडद्यातून बघतो असा तिला संशय. तास लागला की डोक्यावरून पदर घेऊन दाराआड उभी राहायची. एकदा न राहवून म्हणाली, "सकाळीं सकाळीं परको दादलो घरांत येता, आनी तुमी ताका च्या लेगीत विचारिनात." तू पोट धरून हसलीस. आणि दुसऱ्या दिवशी खरंच चहाचा पेला टीव्हीसमोर ठेवलास. तिनं तो गार होण्याआधी स्वतःच प्यायला.

आत्ये, तू त्या मास्तराशी बोलायचीस. तो "अब आगे बढ़ते हैं" म्हणाला की तू वहीवरून मान वर न करता, "राव रे, जाता खंय?" तो समाजशास्त्र शिकवायचा. उदाहरणं द्यायचा ती उत्तरेकडच्या गावांची, तिथल्या पंचायतींची, तिथल्या लग्नांची. तू ऐकून घ्यायचीस आणि पाव घेऊन आलेल्या पदेराच्या घंटेकडे दुर्लक्ष करत म्हणायचीस, "आमच्या हंय तशा नाय." मग कसं, ते मला सांगायचीस, भाकरी थापता थापता. माझे अर्धे स्वाध्याय त्या भाकरीच्या वेळी झाले. मी ते लिहून काढले एवढंच. मार्क माझे आले.

अभ्यासात तू माझ्या पुढे होतीस, हे मी विनायकाला त्या दिवशी सांगायला हवं होतं. शेवटच्या वर्षी तुझा एकच पेपर राहिला होता, समाजशास्त्राचा. माझे दोन राहिले होते.

आणि त्याच पावसाळ्यात तुझी सासू गेली.

त्या बाईचा मला राग नाही. पण ती जाताना तुझ्यावर मांड टाकून गेली. घरासमोरची ती मोकळी जागा, वाड्याची, म्हणजे सगळ्या वस्तीची, कुणा एकाची नव्हे. पौष लागला की पाच राती वाड्यावरच्या बायका तिथे धालो घालायच्या, समोरासमोर ओळी करून गायच्या. पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही. मांड सांभाळायचा तो मांडकरणीनं, आणि मांडकरीण तुमच्याच घरातली. आपल्या त्या वाड्याचा नेम असा की मांड भरल्यापासून उठेपर्यंत मांडकरणीनं गावची शीव ओलांडायची नाही. दिवसासुद्धा नाही.

परीक्षेचं वेळापत्रक आलं. समाजशास्त्राचा पेपर मांडाच्या तिसऱ्या दिवशी, पणजीला.

आपण केंद्रावर गेलो ते तुला आठवत असेल, मला तर त्या टेबलावरचा पेपरवेट आठवतो. तू नवी साडी नेसली होतीस. त्या कारकुनाला तू नीट सगळं सांगितलंस, की हा पेपर दुसऱ्या कुठल्या दिवशी, निदान काही महिन्यांनी देता येईल का. तो म्हणाला, तो विषय वर्षातून एकदाच. कारण काय? तू म्हणालीस, धालो आहे. त्यानं शेजारच्या टेबलाकडे बघितलं. "धालो? कॅलेंडरांत ना तो." शेजारचा म्हणाला, बाई नाचणार आहेत वाटतं. दोघे हसले.

तू पिशवी उचललीस आणि बाहेर आलीस. पडद्यावरच्या प्रोफेसराला रोज थांबवणारी तू, त्या दोघांना मात्र थांबवलं नाहीस. डिचोलीपर्यंत बसमध्ये तू खिडकीबाहेर बघत होतीस आणि मी तुझ्यावर चिडलो होतो. त्यांच्यावर चिडायला हवं होतं, ते मला पुढे कळलं. पुढे वाळपईच्या कचेरीत माझं स्वतःचं टेबल झालं. समोर कुणी बाई कागद घेऊन उभी राहिली आणि शेजारच्यानं काही विनोद केला, की मी वळून त्याच्याकडे बघत राहायचो, तो गप्प होईपर्यंत. कचेरीत मला त्यामुळे कुणी मित्र झाला नाही. चालतं.

आता आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं, आणि तू अशी गेलीस की ते आता मला एकट्याला पुरं करायचं आहे.

मांड भरायचा त्या सकाळी तू शेणानं तो सारवत होतीस. मी कडेला उभा होतो, ओल्यावर पाय पडू नये म्हणून. मी म्हटलं, आतोबा पहाटे ट्रकनं नेतील, पेपर दे, उन्हं उतरायच्या आत परत ये, कुणाला कळणारही नाही. तू सारवतच राहिलीस. मी म्हटलं, तुझा तरी विश्वास आहे का यावर? समाजशास्त्र शिकलीस ना तू? घरात कुणी गेलं त्या वर्षी सण नको, असं लोक म्हणत होते, तेव्हा तूच म्हणालीस की मांड घराचा नाही, वाड्याचा आहे, तो भरणार. तेव्हा रूढी मोडलीस, मग आता का नाही?

तू हात धुतलेस. वाड्यावरच्या बाबुसोनं तेव्हा नवा ट्रक घेतला होता आणि ती जागा त्याला गाड्या लावायला हवी होती. म्हातारी गेली, आता धालो पुरे, असं तो चारचौघांत बोलून दाखवत होता. हे मला माहीत होतं. पण तू ते पेपरशी जोडलंस तेव्हा मला ते बहाण्यासारखं वाटलं.

"देवी कोपतली म्हणान नाय मी रवत," तू म्हणालीस. "वर्साक पाच राती ह्या बायलांक कोण हाक मारीना. घोव नाय, सासू नाय, पोरां नाय. मी शिवेभायर पडलंय तर बाबुसो म्हणतलो, मांडकरणीनच मांड मोडलो. मगे त्यो पाच राती मी खंयसून हाडू?"

त्या राती कुठून आणायच्या ते राहू दे, मी म्हटलं. "आनी तुझी डिग्री?"

"डिग्री माझी एकटीची."

आत्ये, या वाक्याचा मला राग आहे. इतकी वर्षं झाली, तो तसाच आहे. एकटीची होती म्हणूनच तर ती घ्यायला हवी होतीस. तुझ्या आयुष्यात एकटीचं असं दुसरं काय होतं? साडी सुनेला दिलीस, सोनं विनायकाच्या गाडीत गेलं, दुपारची झोपसुद्धा तू कधी पुरी घेतली नाहीस. एक गोष्ट अशी होती जी दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नव्हती, आणि नेमकी तीच तू सोडलीस. आणि ती सोडताना तुझा आवाजही बदलला नाही, भाताचं पाणी ओतून द्यावं तशी तू बोललीस.

मी तसाच पणजीला निघून गेलो. मित्राच्या खोलीवर राहिलो, दोन्ही पेपर होईपर्यंत परत आलो नाही. समाजशास्त्राच्या दिवशी माझ्या मागचं बाक रिकामं होतं. त्यावर खडूनं तुझा नंबर लिहिलेला. देखरेख करणाऱ्यानं तिथे प्रश्नपत्रिका ठेवली आणि काही वेळानं उचलून नेली.

मी पास झालो. पहिल्याच मुलाखतीत एका गृहस्थानं माझा कागद उलटसुलट करून विचारलं, टीव्ही बघून मिळाली ही डिग्री? मी हो म्हटलं. ती नोकरी मिळाली नाही. वाळपईची मिळाली, आणि तिथून माझं घर उभं राहिलं, मुलं शिकली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आलो तेव्हा तू पहिला पेढा बंद टीव्हीवर ठेवलास, मास्तराला म्हणून. मी हसलो नाही. मला रडू आलं असतं.

पुढल्या वर्षी तू पेपर देशील असं मला वाटत होतं. तो पुन्हा पौषात आला. त्याच्या पुढल्या वर्षीही. मग नोंदणीची मुदत संपली. जमा झालेले क्रेडिट परत घेत नाहीत, हे खरं निघालं. तुझे कुणी घेतले नाहीत. ते तिथेच कुठेतरी पडून राहिले, तुझ्या नावावर, एका पेपरनं कमी.

आणि तू मांड मात्र भरत राहिलीस. वर्षानुवर्षं. गुडघे गेले तरी. बाबुसो मेला, तुझा मांड चालूच. मी मनात म्हणायचो, ठीक आहे, निदान यासाठी तरी ते गेलं. मी माझा राग असा गुंडाळून ठेवला होता.

यंदा पौष लागला तसा मी कारापूरला आलो. मांड भरलेला नाही. वर्षाचं सुतक आहे, विनायक म्हणाला, पुढल्या वर्षी बघू. त्याच्या बायकोकडे मी बघितलं. तिचा दोष नाही. ती म्हापशाला नोकरी करते, तिला रजा मिळत नाही. धालो अजूनही कॅलेंडरात नाही. वाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या दारातून डोकावून गेल्या. आणि तू सारवायचीस त्या जागेवर विनायकाची गाडी उभी होती. धुतलेली, चकचकीत. खाली तेलाचा डाग.

मी त्याला म्हटलं, गाडी काढ. तो म्हणाला, कित्याक? मी पुन्हा म्हटलं, काढ. आवाज चढला असावा माझा, कारण तो उठला आणि त्यानं गाडी काढली. मी परत फिरल्यावर त्यानं ती पुन्हा तिथेच लावली असणार. तुझ्या बाबुसोनं जे मागितलं ते तुझ्या मुलानं न मागता घेतलं.

म्हणजे बघ. डिग्री गेली आणि पाच रातीही गेल्या. तू एक देऊन दुसरं राखलंस असं समजत होतीस, आणि आज दोन्ही जागी काही नाही. मी कुणावर रागावू? विनायकावर, त्या कारकुनावर, पौषात पेपर ठेवणाऱ्या त्या न दिसलेल्या माणसावर, सगळ्यांवर रागावून झालं. फिरून तुझ्यापाशीच येतो. तुझ्यावर रागावता येतं, कारण तू ऐकून घ्यायचीस.

पणजीहून मी तुला एक पत्र पाठवलं होतं, पेपर झाला त्याच संध्याकाळी. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. भेटलो तेव्हा "पत्र पावला" एवढंच म्हणालीस आणि चुलीकडे वळलीस. मीही पुन्हा विचारलं नाही. त्यातला शब्द न् शब्द मला पाठ आहे. रागात लिहिलेलं पाठ राहतं.

शेवंता आत्येस,

शि. सा. न. वि. वि.

आज पेपर झाला. बरा गेला. तुझं बाक माझ्या मागे होतं. मी एकदाही वळून बघितलं नाही, पण ते रिकामं आहे हे पाठीला कळत होतं.

मी तुझ्यावर रागावलेलो आहे. तू जे म्हणालीस ते मी विचार करून बघितलं. ते खोटं नाही, पण मला पटलेलं नाही, आणि पटणार नाही. आतोबांनी एवढी वर्षं बॅटरी काढली ती एका माणसासाठी नव्हती.

सोबत प्रश्नपत्रिका पाठवतो. फाडू नकोस. मांड उठला की एखाद्या दुपारी वही घेऊन बस. तीन तासांचं बंधन नाही.

चौथा प्रश्न बघ. रूढी माणसाला बांधून ठेवते की माणसांना एकत्र ठेवते, आपल्या परिसरातील उदाहरण देऊन चर्चा करा, असा आहे. मी तो वाचला. तुझं उदाहरण माझ्यासमोर होतं, तुझ्याच शब्दांत. ते लिहिलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते. मी ते लिहिलं नाही. मी खाणीवरच्या ट्रकांच्या ओळीचं काहीतरी लिहिलं.

तुझ्या भाकऱ्यांवर मी पुष्कळ स्वाध्याय लिहिले. हे उत्तर मी घेणार नाही. ते तुझं आहे. तू लिही.

तुझा,
भाचा